मंडपाची पावती

माझ्या दुकानात गल्ल्याखाली एक खण आहे. त्यात कीटकनाशकांची माहितीपत्रकं, बिघडलेला स्टॅपलर, कोण्या गिऱ्हाइकानं विसरलेला चष्मा आणि वर्गणीच्या पावत्या असतात. पावत्या मी फेकत नाही. हिशेबात त्या धरता येत नाहीत, करात त्यांची सूट नाही, अर्ध्यांवर तर माझं नावसुद्धा नसतं, 'कृषी केंद्रवाले भाऊ' एवढंच खरडलेलं असतं. मागच्या दिवाळीत बायकोनं हा खण उपसला, पावत्या ओट्यावर पसरल्या आणि मला हाक मारली. एका वर्षाच्या १९ निघाल्या.

तीन गणपती. आधी दोनच होते. डीजेवरून भांडण झालं आणि तिसरा बसला. शारदा, दुर्गा. कार्तिकातला काकडा आणि शेवटचा काला. भागवत सप्ताह. भीमजयंती, आणि विहाराच्या आवारभिंतीची वेगळी. टेकडीवरच्या दर्ग्याचा संदल. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाचा महाप्रसाद. पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीमागच्या टेम्पोचं डिझेल. मारुतीचा रंग. हा रंग दर वर्षी उडतो. कंपनी बदला म्हणून मी सांगून थकलो.

"एवढ्या तं देव मानणाराही देत नसन," बायको म्हणाली.

माझी पंचाईत तिथंच आहे. मी देव मानत नाही.

गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचं कोणाला फारसं काही वाटत नाही. माझ्या पुण्यातल्या मित्रांची समजूत अशी की खेड्यात नास्तिक माणसाला वाळीत टाकत असतील. वाळीत टाकायची आमची कारणं वेगळी आहेत: शेताचा धुरा, पाणी, जातीबाहेरचं लग्न. देव न मानणं हा मधुमेहासारखा आजार समजला जातो. माणसानं थोडं पथ्य पाळलं की तो पंगतीत बसू शकतो. वर्गणीला येणाऱ्या पोट्ट्यांनी तर यावर तोडगाही काढला आहे. एकदा मी नेहमीसारखं पुराण लावलं, तेव्हा त्यांच्यातला एक जण पेन कानावर ठेवत म्हणाला, "भाऊ, तुमी देव नाई मानत हे आमाले मान्य हाये. पण मंडप तं मानता ना? मंडपाची पावती फाडतो."

मी मंडपाची पावती घेतली. मंडप होताच, डोळ्यांना दिसत होता.

*

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात आहे. इकडे वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिकडे नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी, जिथं तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा केला. माझे बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. भगवी टोपी, सात एकर कोरडवाहू आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. त्यात खंड पडलेला मी पाहिला नाही. आजीचं दहन करून आले, आंघोळ केली आणि टोपी घालून प्रार्थनेला गेले.

प्रार्थनेचं ठिकाण म्हणजे चार खांब, वर टिनं, खाली शेणानं सारवलेली भुई. समोर एक गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे लोड, बाजूला उदबत्ती. गादीवर मूर्ती नाही, तसबीर नाही. माणसं एका बाजूला, बायका एका बाजूला, सुताच्या दोरीनं आखल्यासारख्या सरळ ओळी. बोलायचं नाही, हलायचं नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्या गादीकडे पाहून मला एवढंच वाटे की पाहुणा यायचा आहे आणि त्याला उशीर झाला आहे. एकदा घरी येताना बाबांना विचारलं, तिथं कोण बसते? बाबा आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुले जो पायजे तो बसव."

मी तेव्हा कपिल देवला बसवला. बरेच दिवस तो होता.

पुढं अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकायला गेलो आणि तिथं माझा देव सुटला. सुटला म्हणजे काही भूकंप झाला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा एक कार्यक्रम पाहिला, जळता कापूर जिभेवर ठेवणं, नारळातून करणी काढणं, सगळं समोर करून दाखवलं आणि मागची युक्तीही सांगितली. त्या वयात एवढं पुरतं. सुट्टीत घरी आलो तो भांडायच्या तयारीनं. जेवताना जाहीर केलं की मी आता हे काही मानत नाही. बाबा भाकरी कुस्करत म्हणाले, "अंगात येणं, करणी, भानामती, हे तं मीही नाई मानत."

माझी हवाच गेली. बंड करायला समोर भिंत लागते, आणि माझ्या घरात ती मला कुठं सापडेना. आमच्या घराच्या पायरीवर कधी भगत चढला नव्हता. बहिणीला कावीळ झाली तेव्हा बाबांनी तिला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं होतं, मंत्र टाकणारा शेजारीच राहत असताना. हे त्यांना कुठून आलं? त्यांचं शिक्षण सातवी. आलं ते भजनातून. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. त्यांत सामुदायिक प्रार्थनेवर एक अध्याय आहे, तसाच ग्रामशुद्धीवर, गोवंशसुधारावर, महिलोन्नतीवर, श्रमसंपत्तीवरही आहे. देव-देवळांवर आहे, संतांच्या चमत्कारांवर आहे, प्रारब्धवादावर आहे. आणि त्याच्याही आधी गाडगेबाबा. देबूजी झिंगराजी जानोरकर, शेणगावचे, आमच्याच जिल्ह्यातले. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून विचारून त्यांचा देव त्यांच्याच तोंडून उलटा टांगायचे. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. देवळांच्या मागे लागले नाहीत.

तेव्हा धर्म एकीकडे आणि विवेक दुसरीकडे, मधून आधुनिकतेची डांबरी सडक, ही जी विभागणी पुस्तकात असते ती आमच्या भागाला नीट बसत नाही. इथं प्रश्न विचारणारी माणसं खंजिरी आणि खराटा घेऊनच आली. मी ज्या नास्तिकपणाची अकोल्यात मोठी ऐट मिरवत होतो तो माझ्या बापानं मला सारवलेल्या भुईवर बसवून दिलेला होता, हे कळायला मला चाळिशी यावी लागली.

*

हे मी एकदा माझ्या लाइनमन मित्राला मोठ्या उमाळ्यानं सांगितलं. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. तो बौद्ध मोहल्ल्यातला. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज ग्रंथाचं वाचन असतं, त्यात त्याची पाळी चुकत नाही. वादळात खांबावर चढतो, पण वाचनाची वेळ झाली की फोन बंद. रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, पाह्य ना, रिकामी गादी. कोणीही येऊन बसू शकते. याच्यापेक्षा धर्मनिरपेक्ष काय असन?

त्यानं सुपारी कातरली. "तुह्या बाबानं आमाले कवा 'नका येऊ' म्हटलं नाई," तो म्हणाला. "'या' म्हणत. दर वर्षी येऊन म्हणत. पण आपल्याच घरी जाच्या वक्ताले कोणी 'ये' म्हणते काय बे?"

यावर मला काही सुचलं नाही. नंतरही सुचलेलं नाही.

त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर होते. पांढरं धोतर नव्हतं म्हणून उसनं घेऊन गेले होते. परत आल्यावर घरातले देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. आजी रात्रभर रडली, पण सकाळी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात तिनंच दिवा ठेवला, बाबासाहेबांच्या फोटोपुढं. त्यानंतर ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले, अमरावतीला नेताना वाटेत, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर. माझे आजोबा अंत्यदर्शनाला पायी गेले होते. मी मोजून पाहिलं, दीक्षेपासून गाडगेबाबा जाईपर्यंत ६७ दिवस होतात. त्या ६७ दिवसांत आमच्या गावातून दोन म्हातारे दोन दिशांना गेले आणि आयुष्यभर त्यांनी एकमेकांना काय पाहिलं ते सांगितलं नाही. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली होती. तेवढा विश्वास त्या दोघांमध्ये होता. आमच्या दोन मोहल्ल्यांत तो उतरला नाही, मधे नाली आहे तेवढ्या अंतरातही.

"आन् आयक," मित्र म्हणाला, "तुमची गादी रिकामी ठेवाले तुमाले काई लागलं नाई. आमच्या आज्यानं देव्हारा रिकामा केला त्या सालापासून पाच वर्स त्याले गावात कोणी कामाले सांगत नोतं."

तो उठून गेला तेव्हा रागात नव्हता. दुसऱ्या दिवशी विहाराच्या आवारभिंतीचं पावतीपुस्तक घेऊन आला. मी ५०१ म्हटलं, त्यानं १,००१ लिहिलं.

*

आता जे सांगायचं ते मी टाळत आलो आहे.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा मी दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. आम्ही दुकानदारांनी तेव्हा जे सांगितलं ते प्रवचनच होतं. आता अळी येणार नाही. आता फवारणी नाही. मी शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन. बाबांनी त्या वेळी विचारलं होतं, "कायमची नाई येणार?" आणि मी हसलो होतो. तो माझा चमत्काराचा अध्याय.

पुढची गोष्ट कापूसवाल्या कोणालाही माहीत आहे. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ साली तर पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट, आत शिरलं की माणूस दिसत नव्हता. लोक घाबरून दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून फवारत होते. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०च्या आसपास माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. आमचा जिल्हा शेजारचा. आमच्या गावातलं एक पोरगं, रोजंदारीनं फवारणारं, दिवसभर हाफ पँटवर पऱ्हाटीत होतं. रात्री उलट्या, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडातून लाळ. ज्या बाटल्या त्यानं एकत्र केल्या होत्या त्या माझ्या दुकानातल्या होत्या. एकीसोबत दुसरी घाल म्हणून मीच सांगितलं होतं. मोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, हे मीही सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. गर्दी होती.

नऊ दिवस तो दवाखान्यात होता. पाचव्या दिवसापर्यंत डॉक्टर काही सांगत नव्हते. मी रोज जात होतो आणि बाहेरच्या बाकावर बसत होतो. तिथं त्याची माय होती. ती सारखं काही पुटपुटत होती, आणि मला तिचा हेवा वाटला. हे मी इथं पहिल्यांदाच लिहितो आहे. तिच्या तोंडाला काम होतं. माझ्या डोक्यात बाटल्यांवरची घटकद्रव्यं होती, टक्क्यांसकट, आणि त्यांतला एकही टक्का मला त्या बाकावर बसायला मदत करत नव्हता. मी प्रार्थना केली का? नाही केली. करावीशी वाटली का, तर हो, पण कोणाला करू हे ठरेना. गादीवर बसवायला कोणी सुचलं नाही.

पोरगं वाचलं. इंजेक्शनांनी वाचलं, नर्सनं रात्रभर दर थोड्या वेळानं येऊन डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं म्हणून वाचलं. त्याच्या मायनं शेगावला नवस बोलला होता. ती तो फेडून आली आणि थेट दुकानात आली. पिशवीतून पुडी काढली आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

"घ्या भाऊ. तुमीबी लय फेऱ्या मारल्या."

मी तिच्याकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. तिच्या हिशेबात महाराजांनी पोरगं दिलं होतं, मी दवाखान्यात आलो होतो, आणि बाटल्या नशिबाच्या होत्या. तिचा हिशेब चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. तो दुरुस्त करायचा म्हणजे मला तिला सांगावं लागलं असतं की बाटल्या नशिबाच्या नव्हत्या, माझ्या होत्या. मी प्रसाद तोंडात टाकला. साखर जिभेवर बराच वेळ राहिली.

तिच्या श्रद्धेनं तिचं काम केलं आणि माझीही सोय केली. श्रद्धेवर आम्ही जे आक्षेप घेतो त्यांत हा सगळ्यांत खरा आहे, की ती खऱ्या दोषी माणसाला सोडून देते. या वेळी तो माणूस मीच होतो, आणि मी तक्रार केली नाही.

दोन-तीन वर्षांनी मी त्या पोराला सांगितलं, की ते मिश्रण मी चुकीचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मले मालूम हाये. मी बाटल्या वाचल्या मंग." त्यानं मायला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कोणीही कितीही घाईत असलं तरी मी हातमोजे आणि मास्क दिल्याशिवाय औषधाचं बिल करत नाही. लोक हसतात, मोजे गाडीच्या डिक्कीत टाकतात. पोट्टे म्हणतात, भाऊचा प्रसाद.

*

आणि मग एक पावती मी नाकारली.

तीन वर्षांपूर्वी गावात ठरलं की प्रार्थनेचं टिनाचं छप्पर पाडून तिथं देऊळ बांधायचं. संगमरवर, कळस, विठ्ठल-रुक्मिणी. एकरी ५०० रुपये, दुकानदाराला ११,०००. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याच पावसाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्या गळत होत्या आणि चारही वर्ग एका व्हरांड्यात बसत होते. मी म्हटलं, ११,००० देतो, शाळेची पावती फाडा.

"शाळेची पावती नसते ना भाऊ," पावतीपुस्तकवाला म्हणाला. "शाळा सरकारची हाये."

देव आपला आणि शाळा सरकारची! मी ग्रामसभेत बोललो. ग्रामपंचायतीच्या पैशातून सभामंडपाचा ओटा बांधायचा ठराव होता. मी म्हटलं, संविधानाचं २७वं कलम आहे, एखाद्या धर्माच्या वाढीसाठी कोणावर कर बसवता येत नाही, आणि घरपट्टी नाली पलीकडचेही भरतात. सगळे गप्प. मग एक जण म्हणाला की कागदावर त्याला 'सामाजिक सभागृह' लिहू. हशा पिकला आणि ठराव झाला. मी धर्मनिरपेक्ष हा शब्द वापरला तेव्हा मागून कोणी तरी विचारलं, "म्हणजे धर्माची अपेक्षा नसलेला?" शब्दाची फोड तशी चुकीची नव्हती. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं हा शब्द उद्देशिकेत आला. हिंदीत त्याला पंथनिरपेक्ष म्हणतात, मराठीत धर्मनिरपेक्ष. आता तो शाळेच्या परिपाठात रोज म्हटला जातो, प्रार्थना आणि प्रतिज्ञेच्या मधे, त्याच चालीत. माझी पुतणी 'सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष' एका दमात म्हणते आणि श्वास घ्यायला 'लोकशाही'वर थांबते. मला ते ऐकायला आवडतं. पण चाल लागली की शब्द पाठ होतात आणि विचारायचे राहून जातात, हे बाबांच्या प्रार्थनेचंही झालंच होतं. शेवटी शेवटी त्या सरळ ओळी उरल्या होत्या सात.

मला खरा राग कशाचा आला होता ते ग्रामसभेत सांगता आलं नाही. देवळाचा मला राग नाही; गावात चार आहेत, पाचवं होईल. राग त्या गादीसाठी होता. तिथं आता कोणी तरी कायमचं बसणार होतं. देव न मानणारा माणूस मूर्ती बसवायला विरोध करतो आहे तो रिकामी गादी वाचवण्यासाठी, हे कोणाला पटवून देणार? लाइनमनला सांगितलं तर तो आधी हसला. मग म्हणाला, "तुह्यी गादी गेली तं तुले आता समजन."

महिनाभर काही लोकांनी युरिया दुसऱ्या गावाहून आणला. व्हॉट्सॲपवर एका पोरानं माझ्या नावाशिवाय माझ्यावर स्टेटस टाकलं. मग टंचाई आली, तिकडं युरिया मिळेना, आणि सगळे पुन्हा माझ्या काउंटरवर. खेड्यातला बहिष्कार खताच्या रेल्वे रॅकवर अवलंबून असतो.

देऊळ झालं. एका कंत्राटदारानं मोठी रक्कम दिली, त्याचं नाव विठ्ठलाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात आहे. शाळेच्या खोल्यांवर ताडपत्री आली, पुढल्या वर्षी टिनं आली. गादी देवळाच्या पडवीत सरकवली. तिच्यावर आता महाराजांचा फोटो असतो. तुकडोजी महाराजांचा फोटो असणं यात वावगं काय, असं कोणीही विचारेल, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

बायको त्या देवळात सोमवारी जाते. टीव्हीवरच्या कथेत सांगितलं की बेलाच्या पानावर काय लिहायचं, तेही करते. आमच्यात यावरून भांडण होत नाही. ती माझ्यासाठी उपास धरते, मी तिच्यासाठी साबुदाणा आणतो. पण त्या दिवाळीला ओट्यावर पावत्या पसरलेल्या असताना तिनं ढिगातून एक जुनी, चुरगळलेली वेगळी काढली. देऊळ बांधकाम समिती, रुपये ५०१, आणि पुढं तिचं नाव. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

"हे माह्यी हाये," ती म्हणाली. "तुमच्या खणात ठेवली होती. म्हटलं पाहान कवा तं."

तीन वर्षं ती पावती माझ्या पोटरीपासून वीतभर अंतरावर होती.

*

आश्विन वद्य पंचमीला महाराजांची पुण्यतिथी. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. गुरुकुंजात दर वर्षी त्या मिनिटाला हजारो माणसं उभी राहून मौन पाळतात, आणि त्यानंतर एकेका धर्माची प्रार्थना होते. आमच्या गावात भोंग्यावरून सूचना येते. बाबा त्या वेळी जिथं असतील तिथं थांबत. एकदा डवरणीच्या मधे बैलांसकट थांबलेले मी पाहिले आहेत. बैलांना कारण कळलं नाही, पण ते थांबले.

मी प्रार्थनेला जात नाही. पडवीतल्या दिव्याचं लाइट बिल मात्र मी भरतो. त्याची पावती नसते. आणि ४:५८ ला दुकानाचं शटर अर्धं ओढतो. कशासाठी, याचे मी स्वतःला आजवर तीन-चार खुलासे दिले आहेत, आणि दर वर्षी वेगळा पटतो.

या वर्षी त्या वेळी हरभऱ्याची घाई होती. काउंटरवर तोच पोरगा, २०१७ चा. आता त्याचं लग्न झालं आहे, मक्त्यानं तीन एकर करतो. जाकी ९२१८ ची बॅग, ट्रायकोडर्माची पुडी आणि डीएपी. खतासाठी मशीनवर अंगठा लागतो, नेटवर्क नव्हतं, गोल गोल चक्र फिरत होतं. तेवढ्यात भोंगा वाजला. मी शटर ओढलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मशीनवरचा अंगठा तसाच ठेवला आणि टोपी नव्हती म्हणून डोक्यावरून दुसरा हात फिरवला.

आम्ही उभे राहिलो. बाहेर रस्त्यावर एक ट्रॅक्टर बंद झाला. दुसरा झाला नाही, तो तसाच गेला. नालीपलीकडच्या विहारात कोणी तरी झाडू मारत होतं, त्याचा आवाज येत होता. मी काही म्हणत नव्हतो. तो काही म्हणत होता की नाही ते मी पाहिलं नाही.

मधेच मशीन टूं टूं वाजली. वेळ संपली होती तिची. दोघांपैकी कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग भोंग्यावर खंजिरी सुरू झाली. मी शटर वर केलं.

"अंगठा पुन्ना लावा लागन काय, भाऊ?"

"लाव," मी म्हटलं. "आन् मोजे घेऊन जा."